पाण्यात कोणी उतरवायचे?

धामणकर नाका ही काही तीर्थाला निघण्याची जागा नव्हे. कापडाचे तागे लादलेले टेम्पो, पाळी संपवून परतणारे लूमचे कामगार, कल्याण आणि ठाण्याकडे तोंडे करून खोळंबलेल्या रिक्षा, हे तेथले नित्याचे दृश्य. भिवंडीत येणाऱ्या नव्या मेट्रोचा पहिला टप्पाही कापूरबावडीपासून येथवरच आखला गेला. म्हणजे सरकारच्या दृष्टीनेसुद्धा हे पोटापाण्याचे ठिकाण आहे. तरीही याच नाक्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाचे सांधे धरले, कंबर आखडली किंवा अंगावर खाज उठली, की त्याच्या कानावर हमखास एक नाव येते : वज्रेश्वरी. वाड्याच्या रस्त्याने अंबाडीपर्यंत जायचे, तेथून डावीकडे वळायचे. वीसपंचवीस किलोमीटरांवर तानसा नदीच्या काठी उन्हाळी पाण्याची कुंडे आहेत. अकलोलीला आहेत, गणेशपुरीला आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो आणि पहिले पाऊल टाकताना माणूस हटकून ते मागे घेतो.

हे पाणी गरम का, याची दोन उत्तरे मला ठाऊक आहेत. एक असे की, देवीने येथे दैत्य मारले आणि त्यांचे ऊन रक्त अजून भुईतून वाहते आहे. दुसरे भूगर्भशास्त्राचे : पावसाचे पाणी काळ्या पाषाणातील भेगांवाटे खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. सातिवलीपासून पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत आणि पुढे राजापूरनजीकच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात असे झरे एका ओळीत मांडल्यासारखे सापडतात. गावांच्या नावांतच ऊन पाणी शिरले आहे. ही दोन उत्तरे एकमेकांशी भांडत नाहीत, कारण कुंडात उतरणाऱ्याला त्या क्षणी दोहोंपैकी कोणतेच नको असते. त्याला गुडघा हलायला हवा असतो.

मात्र पाण्याभोवती देवदैवते आणि सत्ता कशी गोळा होते, हे पाहण्यासारखे आहे. वज्रेश्वरीचे मूळ स्थान गुंजला होते, ते पोर्तुगीजांच्या अमलात मोडले आणि देवी हलली, असे परंपरा सांगते. पुढे चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला आणि 1739 मध्ये वसई पडल्यावर टेकडीवर किल्ल्याच्या धाटणीचे देऊळ उभे राहिले. गणेशपुरीत भीमेश्वराजवळ कुंडे होतीच. विसाव्या शतकात नित्यानंदस्वामी तेथे येऊन राहिले, 8 ऑगस्ट 1961 रोजी त्यांनी देह ठेवला, आणि आता तेथे जाणाऱ्यांपैकी निम्मे लोक पाण्यासाठी जातात की समाधीसाठी, हे त्यांनाही सांगता येणार नाही. पाणी तेच. मालकी सांगणारे मात्र बदलत गेले, वाढत गेले.

येथूनच माझ्या मनातला प्रश्न सुरू होतो. ज्या दैवतावर माझी श्रद्धा नाही, किंबहुना जे खोटे आहे असे मला शिकविले गेले आहे, त्याच्या दारातल्या पाण्याने मी बरा झालो, तर त्या बरे होण्याचा अर्थ काय? आणि त्याआधीचा प्रश्न : मी तेथे जावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आपल्याकडे हा प्रश्न फारसा बोचत नाही. आपला सामान्य माणूस माउंट मेरीला मेणाचा हात वाहतो, हाजी मलंगला जातो आणि घरी येऊन सत्यनारायण घालतो. एका देवाची दुसऱ्यापुढे साक्ष काढावी, असे त्याला वाटत नाही. याला कोणी उदारपणा म्हणतात, कोणी भोंगळपणा. पण ज्यांचा देव एकच आणि तो अनन्य, त्यांना ही सवलत नाही. आपल्या कोकणात शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्रायल पाहा. तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. भाषा मराठी, पेहराव आपला. पण देव एक, मूर्ती नाही. त्यांनीही अलिबागेजवळ खंडाळ्याला एक खडक मानला : एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलिया तेथे उतरला, त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा त्या दगडावर आहेत, अशी श्रद्धा. तेथे नवस बोलतात, मलिदा करतात. अडल्या वेळी माणसाला हात टेकायला एक जागा लागते. एकेश्वरी धर्मालाही ती कुठेतरी द्यावी लागते. मात्र दुसऱ्याच्या जागेवर हात टेकायचा का, या प्रश्नावर त्यांच्या दूरच्या पूर्वजांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जो विचार केला, तसा आपण कधी केला नाही.

त्या काळी भूमध्य समुद्राच्या काठी आरोग्याचा देव होता अस्क्लेपिओस. त्याच्या हातात सर्प गुंडाळलेला दंड. त्याच्या देवळात रोगी रात्रभर झोपत आणि स्वप्नात देव येऊन उपाय सांगे. एपिदाउरोस येथे बरे झालेल्यांच्या कथा दगडावर कोरून ठेवल्या आहेत. बरे न झालेल्यांची शिला अर्थातच कोणी बसविली नाही. यहुद्यांना सर्प नवा नव्हता. मोशेने रानात पितळेचा साप खांबावर चढविला आणि त्याच्याकडे पाहणारे विषातून वाचले, अशी कथा त्यांच्या धर्मग्रंथात आहे. पण पुढे लोक त्याच सापाला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे. जे एका पिढीचे औषध, ते दुसऱ्या पिढीची मूर्ती! मला या राजाच्या धैर्याचे कौतुक वाटते आणि साप फुटला त्या दिवशी धूप घेऊन आलेल्या एखाद्या आजारी बाईचे काय झाले असेल, हा विचारही मनातून जात नाही.

तालमूदमध्ये झूनिन नावाचा माणूस रब्बी अकिवाला हाच प्रश्न सरळ विचारतो. मूर्तीत काही नाही हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. मग लंगडत देवळात गेलेले लोक चालत बाहेर येतात, ते कसे? प्रश्न विचारणाराही श्रद्धाळू नाही, ही यातली गंमत. अकिवा म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला थोर पंडित, रोमनांच्या हातून मेलेला. त्याने कथा सांगितली. एका गावात एक सचोटीचा माणूस होता. लोक साक्षीदारावाचून त्याच्याकडे ठेवी ठेवीत. एक जण मात्र दरवेळी साक्षीदार आणी. एकदा तो विसरला आणि तसाच ठेव ठेवून गेला. बायको म्हणाली, आता आपण नाकबूल होऊ या. नवरा म्हणाला, तो मूर्खासारखा वागला म्हणून मी माझी सचोटी का घालवू? रोगांचेही तसेच, अकिवा म्हणाला. अमक्या दिवशी, अमक्या वैद्याकडून, अमक्या औषधाने निघून जाऊ, अशी शपथ घेऊन रोग येतात. नेमका तो दिवस आला की हा वेडा देवळात जाऊन बसतो! रोगांना वाटते, आता निघू नये. पण याच्या मूर्खपणासाठी आपली शपथ का मोडा, म्हणून ते निघून जातात.

उत्तर चतुर आहे, आणि धर्मकथेची भाषा बाजूला ठेवली तर विज्ञानाच्या जवळचेही आहे. पुष्कळ दुखणी आपल्या मुदतीने जातात आणि ती गेली त्या वेळी जवळ जो असेल त्याला श्रेय मिळते : देवाला, वैद्याला, काढ्याला, कुंडाला. बरे होणे हा दैवताचा पुरावा नव्हे, हे अकिवाने ओळखले. माझी तक्रार एवढीच की, या उत्तरात रोगी कोठे नाही. रोग सचोटीचा, देव सचोटीचा, आणि दुखणाईत तेवढा मूर्ख!

त्याच ग्रंथसंभारातील दुसरी कथा मात्र मला अकिवाच्या कथेपेक्षा अधिक अस्वस्थ करते. बेन दामा नावाच्या तरुणाला साप चावला. याकोब नावाचा एक माणूस येशूच्या नावाने त्याला बरे करायला आला. बेन दामाचा मामा रब्बी इश्माएल आडवा आला. या नावाने उपचार घेता येणार नाही म्हणाला. भाचा म्हणाला, घेता येतो, मी तुम्हांला शास्त्राधार दाखवितो. आधार सांगून होण्यापूर्वी तो मेला. मामाने प्रेताला म्हटले, तू भाग्यवान. पंडितांनी घातलेले कुंपण न मोडता गेलास. पुढच्या पंडितांनी विचार केला की, बेन दामा कोणता आधार देणार होता? त्यांनी तो शोधूनही काढला : आज्ञा दिल्या त्या माणसाने त्यांच्या योगे जगावे म्हणून, मरावे म्हणून नव्हे. मेलेल्याचा युक्तिवाद पूर्ण करून ग्रंथात लिहून ठेवणारी ही परंपरा मला फार मोठी वाटते. मामाचा निर्णयही तिने खोडला नाही, भाच्याचे तोंडही बंद केले नाही.

आता येशूच्या बाजूची गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानात, यरुशलेमात मेंढरांच्या दरवाजाजवळ पाच पडव्यांचे बेथेस्दा नावाचे तळे सांगितले आहे. आंधळे, लंगडे, वाळलेल्या अंगांचे लोक तेथे पडून असत. पाणी हालले की जो प्रथम उतरेल तो बरा होतो, असा समज. देवदूत येऊन पाणी हालवितो असे सांगणारे वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. ते मागाहून कोणी स्पष्टीकरणासाठी घातले असावे. अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस तेथे होता. येशू त्याला पहिल्याने विचारतो की, तुला बरे व्हायचे आहे काय? आणि तो माणूस हो किंवा नाही असे काहीच म्हणत नाही. तो म्हणतो की, पाणी हालते तेव्हा मला तळ्यात सोडणारे कोणी नाही. मी जाईपर्यंत दुसरा माझ्यापुढे उतरतो.

या उत्तरापाशी मी नेहमी थांबतो. त्याचा प्रश्न देव खरा की खोटा हा नाहीच. त्याला माणूस नाही. ज्याला धावता येते तो प्रथम बरा होणार असा त्या तळ्याचा नियम. म्हणजे ज्याला गरज सर्वांत कमी, त्याचा नंबर पहिला. येशू त्याला पाण्यात उतरवीत नाही, उठून चाल म्हणतो. तळ्याला तो शिव्याही देत नाही आणि त्याचे श्रेयही घेत नाही. बरा झालेला माणूस बाज उचलून निघतो, तर वाटेत त्याला अडविले जाते, कारण त्या दिवशी शब्बाथ आहे आणि ओझे वाहायचे नाही. आधी गर्दीने अडविले, मग नियमाने.

यरुशलेमात संत अ‍ॅनच्या चर्चजवळ हे तळे उत्खननात सापडले आहे : मोठी दोन जलाशये, मधे बांध, शेजारी लहान कुंडे. तेथे पाँपेया लुसिलिया नावाच्या बाईने वाहिलेले एक संगमरवरी पाऊलही मिळाले. हाड्रियन बादशहाने शहर रोमन केले, त्यानंतरच्या काळातले. तेव्हा तेथे अस्क्लेपिओसची पूजा चाले. येशूच्या काळीही ती चालत होती की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पाचव्या शतकात त्याच तळ्यावर ख्रिस्ती चर्च उभे राहिले. बाराव्या शतकात क्रुसेडवाल्यांनी शेजारी संत अ‍ॅनचे चर्च बांधले, सलाहुद्दीनने 1192 मध्ये त्याचा मदरसा केला, आणि 1856 मध्ये तुर्की सुलतानाने ते फ्रान्सला दिले. वज्रेश्वरीचा इतिहास आठवून पाहा. आणि ते संगमरवरी पाऊल माउंट मेरीच्या मेणाच्या पावलांशेजारी ठेवले, तर धर्म ओळखता येणार नाही, फक्त दुखणे ओळखू येईल.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले होते. पण काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. मुसलमान, आयुष्यभर लूमवर बारा-बारा तास उभे राहिलेले, दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांना अकलोलीच्या कुंडात बसायचे होते. थोरल्या मुलाचा विरोध होता : देवीची जागा, लोक काय म्हणतील! ज्या गावाने 1970 आणि 1984 पाहिले, त्या गावात ‘लोक काय म्हणतील’ हे नुसते लाजेचे वाक्य नसते, त्यात भीतीही असते. म्हणून मी मुलाला दोष देणार नाही. दुसरीकडे माझे एक सुधारक मित्र म्हणाले, तुम्ही शिकलेले, अशा खुळांना खतपाणी घालू नका. दोघांची कारणे अगदी उलटी, पण दोघेही एकाच दारात आडवे उभे होते. चाचा मला एवढेच म्हणाले, “मला देवळात नाही जायचं, पाण्यात जायचंय. पायऱ्या उतरताना कोणी धरायला पाहिजे.”

मला रब्बान गमलिएल आठवले. आक्को शहरात अफ्रोदितीची मूर्ती असलेल्या हमामात ते स्नानाला गेले, तेव्हा तुम्ही येथे कसे, असे एकाने टोकले. ते म्हणाले की, मी तिच्या हद्दीत आलो नाही, ती माझ्या हद्दीत आली आहे. हमाम मूर्तीसाठी बांधलेला नाही, मूर्ती हमामाच्या शोभेसाठी आहे. चाचांनी मिश्ना वाचलेली नव्हती. डॉक्टरांना विचारून घ्या, हृदयाचे काही नाही ना ते पाहा, एवढे मी म्हटले. डॉक्टर म्हणाले, ऊन पाण्याने स्नायू सैल होतात, पाण्यात अंगाचे वजन पायांवर येत नाही, बरे वाटेल. झिजलेला सांधा मात्र भरून येणार नाही. आम्ही गेलो. मी त्यांना धरून उतरविले. पाण्यात ते बराच वेळ डोळे मिटून बसले होते. दोनतीन दिवस त्यांना आराम पडला, मग दुखणे पुन्हा सुरू झाले. कुंडावर एका भल्या माणसाने त्यांना म्हटले, “बघा, देवी पावली!” तेव्हा त्यांचा चेहरा एकदम मिटला. कोणी आपल्या आरामावर शिक्का मारू लागला की आराम परका होतो. झूनिनचा प्रश्न त्या भल्या माणसाने न विचारता सोडविला होता, आणि तो सोडविण्याची काही गरज नव्हती.

येथे कोणी म्हणेल, मग कोणी कोणाला कधी अडवूच नये काय? हा आक्षेप हलका नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवण्याची ठिकाणे होती. दर्ग्याच्या पवित्र पाण्याने आणि दिव्याच्या तेलाने मन बरे होते, ही श्रद्धा. 6 ऑगस्ट 2001 रोजी तेथील एका ठिकाणी आग लागली. रोग्यांना साखळ्यांनी बांधले होते. अठ्ठावीस माणसे जळून मेली. तेथे कोणीतरी आधीच आडवे यायला हवे होते. पण पाहा, तेथे श्रद्धा रोग्यांची नव्हती, त्यांना आणून सोडणाऱ्यांची होती. तुला बरे व्हायचे आहे काय, आणि कसे, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मामाने भाच्याचे ऐकून घेतले नाही आणि साखळी घालणाऱ्यांनी त्या अठ्ठाविसांचे. एकाने परक्याच्या देवापासून वाचविले, दुसऱ्यांनी आपल्या देवाकडे ओढले. दोन्हीकडे रोग्याचे तोंड बंदच.

म्हणून महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची शब्दयोजना मला महत्त्वाची वाटते. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर तो आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हा त्यात गुन्हा आहे. देवाला हात जोडणे गुन्हा नाही, कुंडात बसणे नाही. गुन्ह्याचा आरंभ रोखण्यापासून होतो. बेन दामाच्या काळी सर्पदंशावर लस नव्हती. मंत्राचे नाव एवढाच त्याच्यापुढे उपाय होता आणि तोही अडविला गेला. आज उपाय दवाखान्यात आहे आणि अडविणारा मांत्रिक आहे. बाजू पालटल्या, पण अंथरुणावरचा माणूस त्याच जागी आहे. विष चढत असताना चर्चेला वेळ नसतो. तेथे आधी दवाखाना, आणि मी स्वतः आडवा येऊन माणसाला गाडीत घालीन. गुडघ्यांना मात्र वेळ असतो, आणि ज्याचे गुडघे त्याला विचारायला हरकत नसते.

पाण्यापासून माणसाला रोखण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तर सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले. त्या तळ्यावर हक्क सांगणारा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 उजाडले. सर्व देवांना सामावून घेणारे म्हणून जे आपण मिरवितो, त्यांनी तळ्याच्या काठावर माणूस सामावून घेतला नव्हता. यहुद्यांनी दैवतांच्या सीमा काटेकोर आखल्या, आपण माणसांच्या आखल्या.

गालीलाच्या समुद्राजवळ हम्मत गादेर नावाचे ऊन पाण्याचे झरे आहेत. रोमन आले, यहुदी पंडित आले, ख्रिस्ती यात्रेकरू आले. तेथल्या स्नानगृहात एक ग्रीक शिलालेख सापडला आहे, इसवी सन 662 चा. मुआविया खलिफाच्या राज्यात स्नानगृहाची भट्टी साफ करून दुरुस्त केली, असे त्यात आहे. खलिफा मुसलमान; देखरेख करणारा योहान नावाचा गादारा गावचा कारभारी; आणि लेखाच्या आरंभी एक लहानसा क्रूस कोरलेला. तीन निरनिराळ्या कालगणनांनी तारीख दिली आहे. कोणत्या देवाने पाणी तापविले याबद्दल मजकूर नाही. दुरुस्ती कशासाठी केली, ते मात्र लिहिले आहे : आजाऱ्यांना बरे वाटावे म्हणून.